आखाजीला उघडलेली साइट

आमच्या घरात कॉम्प्युटर म्हणजे मी, हे चोपड्यापासून पिंप्राळ्यापर्यंत सगळ्या भावकीत ठरलेलं होतं. मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि धुळ्याची जाऊ आली. तीही प्रोग्रामर. वर दिसायला बरी, आणि भरीत माझ्यापेक्षा चांगलं करते. देव एकेकाला किती देतो!

सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, चोपड्यात केळीचा व्यापार. त्यांची वेबसाइट मी करत होते: रोजचा भाव, घडांचे फोटो, वर हिरवी पट्टी. जाऊ सारखी विचारायची, "अक्का, मी बघू का?" मी म्हणायचे, "कशाला गं, होतच आलंय." हिचा एकदा हात लागला की साइट हिचीच होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून उद्घाटन मी आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, ठरवलं. पहिल्या आखाजीला नवी सून माहेरी जातेच. त्यासाठी मी माझं माहेर बुडवलं. सासूबाईंना वाटलं, थोरलीचं मन केवढं मोठं!

आखाजीच्या सकाळी भावकी बैठकीत जमली. साइट खऱ्या सर्व्हरवर चढवताना डीबग, म्हणजे साइट बनवतानाची चाचणीची सोय, बंद करायचं असतं, तसं केलं आणि टीव्हीवर लावली. नुसतं पांढरं पान. निळ्या ओळी, फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. माझ्या लॅपटॉपवर डीबग चालू होतं तोवर ज्यावर साइट बांधली ते फ्रेमवर्क रंग, फोटो स्वतःच आणून देत होतं. आता त्यानं हात वर केले.

"हाई काय शे?" आबांनी विचारलं.

"नेट हळू आहे, आबा," म्हणत मी लॅपटॉप घेऊन परसात गेले. खूप खटपट केली, काही सुचेना. शेवटी नाइलाजानं धुळ्याला जावेला फोन लावला. मागे पोरींची गाणी, झोक्याची कुरकुर.

"डीबग बंद केलं ना, अक्का? ते चालू असतं तोवर माहेर, ताट आयतं येतं. आता सासर लागलं. रंगांच्या, फोटोंच्या सगळ्या स्टॅटिक फाइली एका फोल्डरमध्ये गोळा करायची कमांड द्या, आणि त्या फोल्डरचा पत्ता सर्व्हरला सांगा."

झोकासुद्धा थांबवला नाही बाईनं!

तसं केलं. हिरवी पट्टी आली, घड आले. "मोठी सून बठ्ठासमा हुशार शे!" आबा म्हणाले. सगळ्यांत हुशार! मी फोन पदराआड सरकवला.

जाऊ माहेरून परत आली तेव्हा आबांनी आधी साइटच दाखवली. "मोठीनी एकलीनी करं." माझा जीव टांगणीला. तिनं पहिल्यांदाच बघतेय असं बघितलं. "अक्का, हिरवा रंग किती छान घेतलाय." फोनबद्दल चकार शब्द नाही. सगळ्यांदेखत बोलली असती तर मला निदान भांडता तरी आलं असतं.

मग स्वयंपाकघरात येऊन तिनं माझ्या हातात डबा ठेवला. "तुमची आखाजी बुडाली ना, म्हणून माझ्या आईनं सांजोऱ्या दिल्यात."

एक खाल्ली. मेल्या सांजोऱ्याही आमच्यापेक्षा चांगल्या होत्या.