उरलेला द्रोण

प्रतिमाअक्काच्या सहलीत माणसं मोजत नाहीत, ताटं मोजतात. यशवंतपूरच्या बाजारात तिच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं; तिथंच ती भांड्यांवर नावं घालायला शिकली. पुढं बंगळुरातल्या मराठी मंडळींना वाळवंट दाखवायला नेऊ लागली, तेव्हा प्रत्येक प्रवाशाच्या ताटावर तिनं स्वतः नाव घातलं. माणसं बसमध्ये जागा बदलतात, डोकी दोनदा मोजली की दोन आकडे येतात. ताट मात्र जेवणानंतर खरकटं होऊन पोत्यात येतंच. कोरं राहिलं, की त्या नावाचा माणूस शोधायचा. बावीस वर्षांत एकही जण मागं राहिला नव्हता, आणि त्याची तिला चांगलीच घमेंड होती.

यंदा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं ती बंगळुरातच, जे. पी. नगरच्या घरी अडकली. तीस माणसं घेऊन जैसलमेरला तिचा दीर हरी गेला. दुपारी त्याचा फोन आला.

"वैनी, वाळूच्या टेकड्या झाल्या, मांगणियारांचं गाणं झालं. श्रीधरराव तर त्या कमायचा वाजवणाऱ्या म्हाताऱ्यापासून हलेनात! पण आभाळ स्वल्प पिवळं दिसायला लागलं. वादळ येणार, असं कॅम्पवाले म्हणाले, म्हणून तिथंच जेवणं उरकून निघालो. तास झाला."

"ताटं?"

"पंचवीस खरकटी, पाच कोरी. पाच जणांची एकादशी आहे. सगळं सरी, बरोबर भरलं."

तिला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटेना. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीचे द्रोण ती स्वतः एकेकाच्या हातात द्यायची. तोही मोजणीचाच नियम आहे हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. हरीला तिनं सगळं पढवलं होतं, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

"हरी, द्रोण कुणी वाटले?"

"पाचही टेबलावर मांडले होते, ज्यानं त्यानं घेतले. एक उरला, तो आपल्या यल्लाप्पा आचाऱ्यानं संपवला."

"उरला कुणाचा?"

"ते बघितलं नाही, वैनी."

"बस थांबव. नावं घे सगळ्यांची."

फोन तसाच चालू होता. एकेक जण ओ देत गेला. मग हरीनं श्रीधररावांना हाक मारली, पुन्हा मारली, तिसऱ्यांदा मारताना त्याचा आवाज फाटला. बसच्या काचांवर वाळू सडसडत होती, ते प्रतिमाला इथं, पंख्याखाली, ऐकू येत होतं.

"वैनी, त्यांची पिशवी सीटवरच आहे. फोन आतच वाजतोय. ड्रायव्हर म्हणतो, रस्ता दिसेनासा झालाय."

"मागं वळव त्याला. मी कॅम्पवर फोन लावते."

कॅम्पवर कुणी उचलेना. प्रतिमा भयंकर घाबरली. श्रीधरराव बहात्तर वर्षांचे, मधुमेही, एकादशीमुळं सकाळपासून उपाशी. गाणं ऐकत त्या म्हाताऱ्यामागं वाळवंटातल्या कुठल्या ढाणीकडं, वस्तीकडं चालत गेले असतील, कोण जाणे. ती पुन्हा नंबर फिरवणार, तोच फोन वाजला. हेब्बाळहून शमिका, श्रीधररावांची सून.

"अक्का, बाबा मघापासून फोन उचलत नाहीयेत. मी ह्यांना म्हटलं, उगाच काळजी करू नका, अक्का ताटं मोजल्याशिवाय बस हलवू देत नाहीत. मोजली ना?"

सासऱ्यांना एकटं पाठवायला शमिका तयार नव्हती. या ताटांचीच गोष्ट सांगून प्रतिमानं तिला राजी केलं होतं.

"मोजली," प्रतिमा म्हणाली. "बरोबर भरली. पण शमिका, बाबा बसमध्ये नाहीत."