ग्रंथालयातला ऐकायचा कोपरा

माझी वहिनी आमच्या शाळेत ग्रंथपाल आहे आणि मी तिथेच इतिहास शिकवते. घरी नणंद-भावजय, शाळेत सहकारी. म्हणजे भांडायला हक्काच्या दोन जागा. निवृत्ती जवळ आली की माणसं गुडघ्यांना तेल चोळत बसतात. आमच्या वहिनीने कॉम्प्युटर शिकायला घेतला. शब्दकोशांच्या दोन चळतींवर फोन आडवा ठेवून ती पुस्तकांच्या पानांचे फोटो काढायची, ते कॉम्प्युटरला द्यायची आणि मग कॉम्प्युटर ती पानं मोठ्याने वाचून दाखवायचा. खिडकीजवळ तिने एक बाक टाकलं आणि वर हेडफोन टांगले. वाचताना जे अडखळतात त्यांनी तिथे बसून पुस्तक ऐकावं, अशी तिची योजना.

एकही मूल तिकडे फिरकलं नाही. तिथे बसणं म्हणजे आपण ढ आहोत अशी दवंडी पिटणं, हे मुलांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. शिक्षकांच्या खोलीत मी त्या बाकाला 'वहिनीचं टेलिफोन एक्स्चेंज' म्हणायचे. सगळे हसायचे, वहिनीसुद्धा.

आतून मात्र मला हसू येत नव्हतं. माझ्या डोळ्यांचा पडदा बिघडला होता. फळा दिसायचा, चेहरे दिसायचे, पण बारीक अक्षर बघायला गेलं की बरोब्बर मधोमध धुरकट डाग. हे चष्म्याने सुटणार नाही, आणखी बिघडू नये एवढं बघू, असं डॉक्टर म्हणाले. मी घरीदारी कुणाला ताकास तूर लागू देत नव्हते. जुनं पाठ्यपुस्तक मला तोंडपाठ होतं आणि नेमकं त्याच वर्षी नवीन आलं. मग मी मुलांना आळीपाळीने धडा वाचायला लावू लागले. 'वाचनाचा सराव' असं त्याला गोंडस नाव दिलं. एक मुलगी तर आपला नंबर आला की हमखास पाणी प्यायला जायची आणि मी तिच्यावर डाफरायचे. पण हे सोंग किती दिवस निभणार? कुणी पुस्तक पुढे करून 'बाई, इथे काय लिहिलंय?' विचारलं की खेळ खलास. वर्गच हातचा गेला तर मी काय करणार? मला शिकवण्याशिवाय दुसरं काही येत नाही. स्वयंपाक तर मुळीच नाही.

अशात वहिनीने मला गाठलं. म्हणाली, इतिहासाचं नवीन पुस्तक चढवलंय, पण वाचताना मशीन गोंधळ घालतं, जाणकार माणसाने ऐकून चुका सांगायला हव्यात. जाणकार म्हटल्यावर मी विरघळलेच, पण नाक मुरडून दाखवलं. शाळा सुटल्यावर बसेन म्हटलं, तेही दार लोटून.

मशीनने कहर केला होता. राजाने तलवार उपसली, शत्रूवर चाल केली आणि पान क्रमांक बेचाळीस. तहाच्या अटी ऐन रंगात आल्या की रिकाम्या जागा भरा. मी करवादायचे, वहिनी निमूटपणे दुरुस्त करायची आणि तेच पान पुन्हा ऐकवायची. पुन्हा, परत एकदा पुन्हा. मग एका सकाळी वर्गात मी पुस्तक न उघडता तहाचा धडा शिकवला, सालांसकट, आणि मधेच लक्षात आलं की अख्खं पुस्तक माझ्या डोक्यात जाऊन बसलंय.

त्या संध्याकाळी मी वहिनीला सरळ विचारलं, माझ्या डोळ्यांचं तुला कुणी सांगितलं?

"कुणी कशाला सांगायला हवं, वन्सं? आठवडाभर रोज सकाळी मी तुमच्यापुढे तोच एक शिळा पेपर ठेवत होते. तुम्ही पानं उलटायचात आणि म्हणायचात, आज काही विशेष नाही."

मला राग यायला हवा होता. आलाही, पण त्याच्या आधी रडू आलं. एवढे महिने एकटीने ओढलेलं ओझं हिने न बोलता दुसऱ्या टोकाने उचलून धरलं होतं. तिने मला मनसोक्त रडू दिलं आणि मग विचारलं, "पण दार लोटून किती दिवस ऐकणार?"

दुसऱ्या दिवशी मी आधी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, शिकवता येतंय ना, शिकवा. त्यानंतर वर्गाला सांगितलं की मला बारीक अक्षर दिसत नाही, मी धडे ऐकते, ग्रंथालयात खिडकीपाशी बसून. माझा धाक आता संपला, असं मी धरून चालले.

मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या देखत त्या बाकावर जाऊन बसले आणि हेडफोन चढवला. कान तापले होते. पहिला धडा संपत आला तेव्हा दारात कुणीतरी घुटमळताना दिसलं. ती पाणी पिणारी मुलगी होती. वहिनी टेबलापासून हललीही नाही. माझ्या कानावरचा हेडफोन दूर होईपर्यंत थांबली आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली,

"वन्सं, जरा सरकून बसा. एक्स्चेंजवर गिऱ्हाईक आलंय."