गेटबाहेरचा धूर

"हा धूर कोणाचा?"

आपा असं विचारायच्या तेव्हा एका हाताने ओढणीचं टोक नाकाशी धरलेलं असायचं आणि दुसऱ्या हातातली मिटलेली छत्री ट्रकच्या दारावर वाजत असायची. ड्रायव्हर वरून डोकं बाहेर काढायचा. "मेरा है, मॅडम," असं बिचारा कबूल करायचा.

"मग बंद कर ना, बाबा! उभ्या गाडीला डिझेल कशाला पाजतोस?"

तुम्ही भिवंडीजवळच्या पूर्णा गावच्या रस्त्याने कधी गेला असाल, तर गोदामांच्या गेटांबाहेर उभी असलेली ट्रकांची रांग नक्की पाहिली असेल. आमच्या गोदामाबाहेरही ती असायची. मी तिथे डिस्पॅचला होतो आणि आपा ऑफिसात. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगाने बारीक, पण आवाज असा की फोन उगाच वापरतात असं वाटावं. त्यांचं माहेर भिवंडीतलं, जुनं कोकणी मुसलमान घराणं. घराला लागूनच लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, दिवसभर खडखडाट. "लहानपणी मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागायचं," असं त्या सांगायच्या. लूम विकले गेले, आवाज राहिला.

कार्बनचं काम त्यांच्याकडे आलं त्याची गंमत आहे. आमच्या गोदामात ज्या परदेशी कंपनीचा माल असायचा, तिने कळवलं की तुमच्या कामामुळे हवेत किती कार्बन जातो ते मोजा आणि दरवर्षी कमी करून दाखवा. साहेबांनी मीटिंग घेतली. "कार्बनबद्दल कोणाला काय माहिती आहे?" आम्ही सगळे टेबलाकडे बघत बसलो. आपांनी विचारलं, "कार्बन पेपर ना? स्टोअरला एक डबा पडलाय."

साहेबांचा चेहरा उजळला. बोलणारं एक तरी माणूस सापडलं होतं. "आपा, आजपासून हे तुमचं."

दुसरं कोणी असतं तर इंटरनेटवरून चार पानं उतरवून मोकळं झालं असतं. आपांनी मात्र ऑनलाइन कोर्स लावला. जेवणाच्या सुट्टीत कानाला हेडफोन लावून बसायच्या आणि शिकवणाऱ्याशी मोठ्याने भांडायच्या. "अरे, पण जनरेटर कोण चालवतो हौसेने? लाइट गेल्यावरच चालवतात ना?" शिकवणारा तिकडे कुठल्या देशात होता कोण जाणे. इकडे आमचं सगळ्यांचं शिक्षण फुकटात होत होतं.

मग आपा सुटल्या. एसीचा रिमोट त्यांच्या पर्समध्ये गेला. थंड करून हवं असेल तर अर्ज तोंडी करायचा, तोही साहेबांसकट सगळ्यांनी. चहाचे कागदी कप बंद झाले, प्रत्येकाने घरून आपापला कप आणायचा. साहेबांच्या घरून आलेल्या कपावर गुलाबी ससा होता. परदेशी पाहुण्यांसमोरही ते त्याच सशातून चहा प्यायचे.

कल्याणहून येणारे आमचे दोन अधिकारी बढतीवरून एकमेकांशी बोलत नसत. दोघे वेगवेगळ्या गाड्यांनी यायचे. आपांनी दोघांना एका गाडीत बसवलं. आधी म्हणे वाटेत नुसता रेडिओ वाजायचा. मग रेडिओवर काय लावायचं यावरून भांडण झालं. भांडायला बोलावं लागतं. पुढे एकाच्या मुलीच्या लग्नात दुसरा वाढायला उभा होता. कार्बन किती वाचला मला माहीत नाही, अबोला मात्र सुटला.

ट्रकवाले तेवढे हाताला लागत नव्हते. आपांची पाठ वळली की इंजिनं पुन्हा सुरू. मे महिन्यातल्या एका दुपारी त्या छत्री घेऊन निघाल्या आणि दिघाशी गावच्या एका ड्रायव्हरच्या दारावर धडकल्या. तो वयाने त्यांच्याच एवढा, शांत माणूस. त्याने इंजिन बंद केलं आणि दार उघडून धरलं.

"वर या, आपा. बसा जरा हितं."

"मी कशाला?"

"या तर. काय करत न्हाय मी."

आपा चढल्या. खाली उभा राहून मी बघत होतो. केबिनचा पत्रा तापलेला, समोरच्या काचेतून ऊन थेट अंगावर, पंखा बंद. आपांनी आधी ओढणीने वारा घेतला, मग छत्रीच उघडायला बघितली. थोड्याच वेळात त्या गप्प झाल्या. आपा गप्प बसलेल्या मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"माल उतरवायचा नंबर कधी लागल?" ड्रायव्हर म्हणाला. "सकाळधरनं बसलोय. सावली न्हाय, पंखा न्हाय. इंजिन चालू ठेवलं तर पंखा चालतो."

आपा खाली उतरल्या. त्या दिवशी त्यांनी पुढच्या एकाही दारावर छत्री वाजवली नाही. तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या, मीही मागोमाग. आत जे झालं ते सगळ्या ऑफिसने ऐकलं, कारण दार लावून काही उपयोग नव्हता.

आपांना ड्रायव्हरांसाठी पंख्यांची शेड हवी होती आणि गाड्यांना वेळ देऊन बोलवायला हवं होतं. साहेब म्हणाले, "आपा, गेटबाहेरचा धूर आपला नाही. त्या भाड्याच्या गाड्या. रिपोर्टात घेऊ नका म्हणजे झालं. आणि पाहुणे येतायत, तर झाडं लावायचा कार्यक्रम ठरलाय. मंडपसुद्धा उभा राहिला."

"गाड्या कोणासाठी थांबल्यात? आपल्याच मालासाठी ना?"

"नसेल जमत तर हे काम दुसऱ्या कोणाला देतो."

नोकरीचं हे शेवटचं वर्ष आपांना सुखाने काढता आलं असतं.

"द्या," आपा म्हणाल्या. "पण आधी एकदा गाडीत बसून या."

आता एवढ्या लोकांनी ऐकल्यावर नाही म्हणणार कसं? साहेब गेले. दिघाशीच्या ड्रायव्हरने त्यांनाही तसंच आदराने वर घेतलं. बाहेर उभ्या राहिलेल्या आम्हाला काचेमागे साहेबांचा शर्ट हळूहळू रंग बदलताना दिसत होता. ड्रायव्हरने त्यांच्यापुढे पाण्याची बाटली धरली. साहेबांनी एक घोट घेतला आणि बाटलीकडे बघत राहिले. पाणी चहासारखं गरम होतं.

खाली उतरल्यावर त्यांनी मंडपवाल्याला बोलावलं. झाडांचा कार्यक्रम झाला नाही, पण मंडपही उतरला नाही. तो होता तसा उचलून गेटबाहेर नेला. झालरी, सोनेरी पडदे, प्रमुख पाहुण्यांसाठी आणलेली लाल गादीची सिंहासनासारखी खुर्ची, सगळं. वर पंखे लावले. ड्रायव्हर आळीपाळीने त्या खुर्चीत बसून फोटो काढून गावी पाठवू लागले. गाड्यांना वेळ ठरवून दिली. नंबर पुकारायला लाउडस्पीकर आणायचं चाललं होतं, पण आपा गेटवर उभ्या राहिल्या आणि तो विषयच मिटला.

परदेशी पाहुणे आले तेव्हा त्यांनी आधी कोणाचं लग्न आहे म्हणून विचारलं. मग रिपोर्ट वाचला. आपांनी बाहेरच्या गाड्यांचा धूर त्यात घातला होता, म्हणून आकडा चांगलाच चढला होता. पाहुण्यांनी विचारलं, "वाढला कसा?" साहेब ससा हातात धरून छताकडे बघू लागले.

"वाढला नाही," आपा म्हणाल्या. "आधी लिहीत नव्हतो. आता लिहिलाय, आता कमी करू."

पाहुण्यांनी मान हलवली आणि मंडपात जाऊन पंख्याखाली बसले. कंपनीच्या मालाचं काम आमच्याकडेच राहिलं. पावसाळ्याच्या आधी पत्र्याची पक्की शेडही झाली.

पुढच्या वर्षी आपा निवृत्त झाल्या. खाडीपलीकडे सासरच्या गावी राहायला जाणार होत्या. निरोपाच्या दिवशी साहेबांनी त्यांना कुंडीतलं आंब्याचं कलम दिलं. भाषण करताना साहेबांचा आवाज दोनदा अडकला. आपांनी "पाणी प्या" म्हणून भर सभेत सांगितलं.

संध्याकाळी त्यांचे यजमान न्यायला आले. इतक्या वर्षांत आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जुन्या स्कूटरवर बसलेले एक किरकोळ, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. आपा मागे बसल्या, कलम मांडीवर घेतलं. स्कूटर कंटेनरांच्या रांगेला खेटून हळूहळू निघाली. कोपऱ्यावर वळायच्या खूप आधीच आपांनी उजवा हात लांबवला. मागचा ट्रक थांबला, त्याच्यामागचाही थांबला. स्कूटर वळली, दिसेनाशी झाली. तरी ट्रक थोडा वेळ तसेच उभे होते, कोणी हॉर्न वाजवला नाही.