कोचावर शर्मिला ओव्हाळ

हडपसरच्या शर्मिला ओव्हाळचे केस वस्तीत काम करता करता पांढरे व्हायला लागले. दारुड्याच्या उंबऱ्यावर बस, मार खाल्लेल्या बाईला बोलतं कर, हे सगळं तिनं करायचं. पण माणूस मनाच्या तळाशी जायला लागला, की वरून हुकूम यायचा, आता डॉक्टरांकडे पाठवा. मनोविश्लेषण म्हणे समाजसेविकेचं काम नव्हे!

यंदा मनोविश्लेषक घडवणाऱ्या पुण्यातल्या एका संस्थेला उदारपणाचा झटका आला. प्रवेशाला समाजकार्याची पदवीही चालेल म्हणाले. शर्मिलानं लगेच अर्ज टाकला.

मुलाखतीला संस्थेच्या प्रमुख, डॉ. अपूर्वा.

"पेशंटच्या घरी चहा घेता तुम्ही?"

"घेते की. नाही घेतला तर माझ्याशी बोलेल कोण?"

"अंतर ठेवायला शिका, शर्मिलाताई. अंतर!"

तरी निवड झाली. खाली उतरताना बाईंनी जिन्यातच गाठलं.

"अहो, तुमच्याकडे कुणी पोळ्यांना मिळेल का? विश्वासू हवी. तुमच्यातली असली तरी चालेल हं, आम्ही काही तसलं मानत नाही."

शर्मिलाच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. हे 'मानत नाही' ज्यानं अंगावर झेललंय, त्यालाच त्याची घाण येते. पण तिथं तोंड उघडलं असतं, तर मिळालेला प्रवेश गेला असता. "बघते," म्हणून ती निघाली.

घरी नवरा, आनंद, म्हणाला, "गिळ. तुझ्यामागून अजून पोरी जाणारेत तिथं."

गिळलं. पण या धंद्याची एक रीत आहे. विश्लेषक व्हायचं, तर आधी स्वतः एखाद्या ज्येष्ठाच्या कोचावर आडवं व्हायचं आणि मन उघडं करायचं, वर्षानुवर्षं. कुणापुढे, ते संस्था ठरवणार. शर्मिलाच्या वाट्याला आल्या डॉ. अपूर्वाच!

पहिल्या दिवशी बाई तिच्या डोक्यामागे खुर्ची घेऊन बसल्या.

"नियम एकच. मनात येईल ते बोलायचं. लाज, भीती, मुलाहिजा, काही नाही. गाळलंत, तर शिक्षण वाया. मी मध्ये बोलणार नाही."

शर्मिला छताकडे बघत राहिली.

"काहीही?"

"काहीही."

"मॅडम, मला तुमची किळस येते."

मागे खुर्ची करकरली. उत्तर आलं नाही. कसं येणार?

"जिन्यात आली, तशीच आत्ताही येतेय. पोटातून वर येते..."

शर्मिलानं पाय ऐसपैस पसरले आणि वेळ संपेपर्यंत बोलत राहिली.