दर पंधरवड्याची शाल

वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानाच्या माडीवर विश्वंभरची सॉफ्टवेअर कंपनी होती. दोन प्रोग्रामर, चाचणी करणारी कोमल आणि स्वतः तो, ज्याला सगळ्यांनी ‘सर’ म्हणायचं. पुण्यातल्या नोकरीतून परतताना त्याने एकच गोष्ट सोबत आणली, अजाईल पद्धत. काम लहान तुकड्यांत करायचं, दर पंधरवड्याला तयार तुकडा ग्राहकाच्या हातात द्यायचा, त्याला चुका काढू द्यायच्या, त्या दुरुस्त करून पुढे जायचं. पद्धत साधी आहे. विश्वंभरने तिच्यातलं चुका काढणं तेवढं वगळलं.

ग्राहक एकच होता, पुनमचंद. जवळच्या तांड्यातला, ट्रकांचा मालक. व्यापाऱ्यांना मोबाइलवरून गाडी बुक करता यावी, असं ॲप त्याला हवं होतं. हे काम गेलं तर कंपनी बंद, हे माडीवर प्रत्येकाला ठाऊक होतं.

सकाळी स्टँडअप नावाची बैठक होई. सगळ्यांनी उभं राहून कोणाचं काम कुठे अडलं ते थोडक्यात सांगायचं. इथे बाकीचे उभे राहत आणि विश्वंभर खुर्चीत बसून ऐके.

“सर, एकच गाडी दोघांना बुक होऊन राहिली,” कोमल म्हणाली.

“काल बी हेच सांगितलं तुमी.”

“काल बी होऊनच राहिली होती.”

“सकाळी सकाळी रडगाणं नको. टीमचा मूड जातो.”

त्याने भिंतीवरची तिची पिवळी चिठ्ठी ‘अडलेलं’ या रकान्यातून काढली आणि ‘झालेलं’मध्ये चिकटवली. दोघे प्रोग्रामर चिठ्ठीकडे बघत राहिले.

पंधरवड्याला पुनमचंद येई. घरी आलेल्या पाहुण्याला दोष काढायला लावणं विश्वंभरला अपमानाचं वाटे. अपमान अर्थात स्वतःचा. म्हणून हार, नारळ, शाल, पोहे आणि स्वतःचं भाषण. ॲप पडद्यावरच्या चित्रांत दिसे, पुनमचंदच्या हातात कधी येत नसे.

“विश्वंभरराव, मे महिन्यात बी शाल काहून घालता? एक गाडी बुक करून दाखवा की.”

“भाऊ, पद्धतीवर विश्वास ठेवा.”

“पद्धत राहू द्या. गाडी बराबर येईल ना?”

“टाळ्या,” विश्वंभर म्हणाला. टीमने टाळ्या वाजवल्या.

ॲप हळदीच्या हंगामात सुरू झालं. पहिल्याच बाजाराच्या दिवशी एकच ट्रक दोन व्यापाऱ्यांनी बुक केला. तो एकाकडे गेला. दुसऱ्याची पोती दिवसभर रस्त्याच्या कडेला पडून राहिली. संध्याकाळी त्या व्यापाऱ्याने वेगळ्याच ट्रकमालकाच्या गाड्या लावल्या. तो पुनमचंदचा सर्वांत जुना व्यापारी होता.

दुसऱ्या सकाळी स्टँडअप चालू असताना पुनमचंद जिना चढून आला. त्याने टेबलावर कापडी पिशवी उलटी केली. सगळ्या शाली होत्या, घडी न मोडलेल्या.

“भाऊ, तुमचा हा फीडबॅक आमी नक्की…”

“फीडबॅक न्हाई. काम बंद.”

तो गेल्यावर विश्वंभरने टीमकडे पाहिलं. “तुमी मला आधी सांगायला पाहिजे होतं.”

“उभं राहून सांगितलं होतं, सर,” कोमल म्हणाली. “तुमी बसले होते.”

तिला नांदेडला नोकरी मिळाली. प्रोग्रामरही गेले. विश्वंभरने त्याच माडीवर अजाईल पद्धतीचा क्लास काढला. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना त्याने शाल घातली. ती नवी आणायची गरज पडली नाही.