मामींनी न घेतलेलं नाव

स्वतःच्या नावावर जीव टाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण स्वतःला वगळून स्वतःच्या नावावर जीव टाकणारा माणूस उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या वहिनीचे मामा. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. कारण पुढे येईलच. पण नाव अगदी साधं होतं, कोणत्याही आळीत उभं राहून हाक मारली तर दोन खिडक्या उघडाव्यात इतकं साधं. मामांचा मात्र ठाम समज होता, की हे नाव देवानं मोठमोठ्या माणसांसाठी राखून ठेवलं होतं आणि बारशाच्या दिवशी आपल्या कानात ते सांगताना आत्याबाईंची काहीतरी गफलत झाली.

पन्नासच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. मी नोकरीला नुकताच लागलो होतो आणि दादा-वहिनींकडे मुलुंडला राहत होतो. मामा-मामी शेजारच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे वहिनी ही त्यांची मुलगी आणि मी फुकटात मिळालेला जास्तीचा भाचा. मामा फोर्टातल्या एका कचेरीत जावक कारकून होते. कचेरीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक घालायचा, वहीत नोंद करायची, पाकिटावर पत्ता लिहायचा आणि ते रवाना करायचं, हे त्यांचं काम. वर्षानुवर्षं हेच करून हाताला अशी खोड लागली होती, की मामींनी आमच्याकडे वाटीभर कोशिंबीर पाठवली तरी वाटीच्या बुडाला खडूनं आकडा घातलेला असे. वाटी परत गेली की मामा तो आकडा पुसून म्हणत, "पोहोचली."

मामांच्या नावाची, म्हणजे नाव आणि आडनाव दोन्ही तीच असलेली, आणखी चार माणसं उपनगरांत राहत होती. गाव वेगळं, जात वेगळी, बापाचं नाव वेगळं, पण चौघंही आपापल्या परीनं नामांकित. अंधेरीला एक गवई होते, ते रेडिओवर गात. मरोळला एक पैलवान होता, त्याचा दुधाचा धंदा होता आणि सांगली-कोल्हापूरकडे त्याच्या कुस्तीला तिकिटं लागत. बोरिवलीला गणिताचे एक प्राध्यापक होते, ज्यांच्या पुस्तकानं मला मॅट्रिकला रडवलं होतं. आणि घाटकोपरला डोळ्यांचे डॉक्टर होते, त्यांच्या हाताला यश असल्याचं पार नाशिकपर्यंत लोक सांगत. या चौघांचं वर्तमानपत्रात कुठे नाव आलं की मामा ते कात्रीनं कापून, घरी शिजवलेल्या खळीनं एका जाड वहीत चिकटवत. वहीचं पहिलं पान मात्र कोरं होतं. "हे का सोडलंत?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ते पान नावाच्या खऱ्या मालकाचं. कोण ते अजून ठरायचंय." पाचवा उमेदवार आपणही आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बरं, नुसती कात्रणं चिकटवून हा गृहस्थ थांबता तर काय हवं होतं? चौघांच्या सुखदुःखांची जबाबदारी मामांनी परस्पर अंगावर घेतली होती. पैलवान एक कुस्ती हरला त्या दिवशी हे जेवले नाहीत. मामींनी ताट वाढलेलं तसंच झाकून ठेवलं आणि मला म्हणाल्या, "तिकडे मरोळवाले हरलेही असतील आणि जेवलेही असतील. आमचे मात्र उपाशी!" अंधेरीच्या गवयांचा आवाज एकदा रेडिओवर वरच्या सुरात फाटला, तर मामांनी दोन दिवस ज्येष्ठमधाचा काढा घेतला. प्राध्यापकांना कसलंसं पदक मिळालं तेव्हा कचेरीत पेढे वाटले आणि साहेबांनी कारण विचारल्यावर "आमच्या नावाला मिळालं," एवढंच सांगून पुढच्या टेबलाकडे सरकले. भाजीवाल्याशी ते कधी घासाघीस करत नसत. "उद्या लोक म्हणतील, एवढा मोठा डोळ्यांचा डॉक्टर आणि वांग्यांवरून भांडतो!" आता मुलुंडच्या भाजीवाल्याला घाटकोपरचा डॉक्टर कुठून आठवणार? पण मामांना हे कोण सांगणार? परिणाम असा, की आमच्या सबंध रस्त्यावरची किडकी वांगी मामांच्या पिशवीत जात.

त्यांचा खरा उद्योग रविवारी चाले. अर्धवट पत्त्याची पत्रं, म्हणजे नुसतं नाव आणि खाली 'मुंबई उपनगर' एवढंच लिहिलेली, हिंडत हिंडत कधीकधी मुलुंडला येत. पोस्टमन ती मामांकडे आणून टाकी, कारण मामांनीच त्याला तसं सांगून ठेवलं होतं. कार्ड असेल तर ते उघडंच असे. 'आईच्या डोळ्यात फूल पडलं आहे' असं असलं की घाटकोपर, 'गणेशोत्सवात आपलं गायन ठेवू इच्छितो' असं असलं की अंधेरी. बंद पाकीट मात्र मामा फोडत नसत. ते घेऊन चारी ठिकाणी फिरत आणि तिथल्या नोकराला नाहीतर शेजाऱ्याला विचारून खात्री करून घेत. कोपऱ्यात बारीक अक्षरात आपला जावक क्रमांक घालत, दाराखालून पत्र आत सरकवत आणि कोणी दार उघडायच्या आत जिना उतरलेले असत. एकदा मी त्यांच्याबरोबर बोरिवलीला गेलो होतो. "मामा, बेल वाजवू या ना, भेटू तरी," असं मी म्हटलं, तर माझा दंड धरून मला खाली ओढत आणलं.

"अरे, वेडा आहेस का तू? ते विचारतील, आपलं नाव काय. ते सांगितलं की विचारतील, आपण काय करता. मग मी काय सांगू? पाकिटांवर आकडे घालतो म्हणून?"

हे त्यांनी हसत सांगितलं, पण माझा दंड स्टेशन येईपर्यंत सोडला नाही.

आता मामींविषयी. मामी जुन्या वळणाच्या. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं अशी त्यांची पक्की श्रद्धा. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर त्या नावाच्या इतरांचंही घेता येईना. मग त्यांनी चौघांना गावांवरून नावं पाडली, अंधेरीवाले, मरोळवाले, बोरिवलीवाले आणि घाटकोपरवाले. नवरा तेवढा 'आमचे'. रेडिओवर निवेदकानं गवयांचं नाव उच्चारलं की मामी चटकन देवाकडे बघून हात जोडत. कोणाच्याही तोंडून का होईना, नाव उच्चारलं गेलंच होतं ना!

याच मामींच्या डोळ्यांनी दगा दिला. आधी दिव्याभोवती रंगीत कडं दिसू लागलं, मग डोकं ठणकू लागलं, मग आमटीत दोनदा मीठ पडू लागलं. वहिनी म्हणाली, "मामा, घाटकोपरला दाखवा ना." जो तो हेच म्हणत होता. पण मामा सगळं करायला तयार होते, तेवढं सोडून. गुलाबपाणी झालं, त्रिफळा झाला, गिरगावातल्या कोणा वैद्याचं अंजन झालं. शेवटी शहरातल्या एका डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी थेंब दिले आणि वर सांगितलं, "तुम्ही मुलुंडचे ना? मग घाटकोपरला एक उत्तम डॉक्टर आहेत," आणि मामांना मामांचंच नाव सांगितलं. तरीही हे हटेनात. पाचसहा महिने असे गेले. मला त्यांचा राग यायचा. जगासाठी दारोदार पत्रं पोहोचवणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोला एका दारापर्यंत नेता येऊ नये?

मग एका रविवारी मामा वही उघडून कात्रण चिकटवत बसले होते, मी समोर होतो. मामींनी चहा ओतला तो कपाच्या शेजारी, थेट वहीवर. मामा ओरडायला उठले आणि तसेच थांबले. मामी किटली तिरकी धरून हसतमुखानं विचारत होत्या, "पुरे का?" चहा सांडल्याचं त्यांना दिसलंच नव्हतं. मामांनी वही हळूच बाजूला ओढली आणि म्हणाले, "पुरे." नंतर गॅलरीत येऊन मला म्हणाले, "उद्या रजा टाक. घाटकोपरला जायचंय."

आम्ही तिघं गेलो खरे, पण दवाखान्याची पाटी दिसताच मामांचे पाय जड झाले. "तू हिला घेऊन आत जा. मी इथे सावलीत थांबतो," म्हणून ते समोरच्या फुटपाथवर एका झाडाला चिकटले. मी दाराशी चपला काढेपर्यंत मामी चाचपडत कंपाउंडरच्या टेबलाशी पोहोचल्या होत्या. कंपाउंडर मालवणकडचा, वयानं मोठा आणि आवाजानं त्याहून मोठा. त्यानं मामींचं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "घोवाचा नाव?" नवऱ्याचं नाव, तेच तर मामींना घेता येत नव्हतं. त्यानं पुन्हा विचारलं. मामींनी इकडेतिकडे पाहिलं. टेबलामागच्या भिंतीवर डॉक्टरांच्या नावाची हातभर अक्षरांची पाटी होती, तेवढी त्यांना अंधुक दिसत होती. त्यांनी पाटीकडे बोट केलं आणि लाजून म्हणाल्या, "हेच."

कंपाउंडरनं पाटीकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं, आणि उभाच राहिला. "काकी, काय बोलतास तां कळता मा तुमका? डाक्टरांची बायल वरच्या माळ्यार रवता!"

"त्या असतील हो वर. पण माझे हेच," मामी म्हणाल्या.

बाकावरचे रोगी एका डोळ्यानं का होईना, पण बघायला लागले. मी धावत पुढे झालो, तोवर गलका ऐकून डॉक्टरच बाहेर आले. उंच, टक्कल, हातात बॅटरी. मी चारचौघांत चाचरत खुलासा केला, की यांच्या यजमानांचं नाव तुमचंच आहे, आणि त्या नाव घेत नाहीत. डॉक्टरांनी बॅटरी विझवली. मग म्हणाले, "मुलुंडहून आलात का?" मी हो म्हटलं. "कुठायत ते?" मी बाहेर बोट केलं.

डॉक्टर तसेच रस्त्यावर गेले. मामांनी त्यांना येताना पाहिलं आणि झाडामागे सरकले. मग घाटकोपरच्या भर रस्त्यात एक नामांकित डॉक्टर उभा राहून स्वतःच्याच नावानं खच्चून हाका मारू लागला, आणि जाणारेयेणारे थांबून बघू लागले. मामा बाहेर आले, शाळेत उशीर झालेल्या मुलासारखे.

"माझी पत्रं दाराखालून सरकवणारे तुम्हीच ना? कोपऱ्यात आकडा घालून? पत्रांवर मुलुंड पोस्टाचा शिक्का असे. शेवटचा आकडा एकतीस. ते एकतीस नंबरचं कार्ड वेळेवर मिळालं म्हणून जुन्नरच्या एका मुलीचा डोळा वाचला. चार महिने झाले, मी तुमची वाट बघतोय!"

 पण डॉक्टर तिथेच थांबले नाहीत. आत नेऊन त्यांनी मामींचे डोळे तपासले, पुष्कळ वेळ तपासले, आणि मग असे भडकले की कंपाउंडरही गप्प बसला. काचबिंदू होता. डावा डोळा गेला होता, तो परत येणार नव्हता. उजवा शस्त्रक्रियेनं वाचण्यासारखा होता. "सहा महिन्यांपूर्वी यायला काय झालं होतं? दार माहीत होतं ना?" मामा खाली मान घालून म्हणाले, "चूक झाली. मोठ्या माणसाच्या दारात नाव सांगायची लाज वाटली." डॉक्टरांचा राग एकदम उतरला. त्यांनी केसपेपर पुढे ओढला आणि पतीच्या नावाची जागा रिकामी होती ती स्वतःच्या हातानं भरली. लिहून झाल्यावर सवयीनं खाली सहीसारखा फराटा ओढला गेला, तो पाहून तेही हसले आणि डोळे पुसत मामाही हसले.

शस्त्रक्रिया झाली, उजवा डोळा राहिला. त्यानंतर मामांनी पैलवानासाठी उपास केला नाही की गवयांसाठी काढा घेतला नाही. सकाळी वर्तमानपत्र आलं की ते आधी आपलं नाव शोधत नसत, मामींना पहिल्या बातमीपासून वाचून दाखवत. अर्धवट पत्त्याची पत्रं मात्र पोहोचवत राहिले आणि आता बेल वाजवू लागले. दार उघडलं की नाव सांगत आणि कोणी विचारायच्या आत, "मी जावक कारकून," असंही सांगत. डाव्या डोळ्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. पण रस्ता ओलांडताना ते नेहमी मामींच्या डाव्या बाजूला चालत.

पाचएक वर्षांनी मामा गेले. छातीत कळ आली आणि संपलं. दिवस झाल्यावर मी मामींकडे गेलो, तर त्यांनी कपाटातून ती जाड वही काढली. मी कोरं पान म्हणून पहिलं पान उलटू लागलो आणि थांबलो. ते कोरं नव्हतं. त्यावर घाटकोपरचा केसपेपर खळीनं नीट चिकटवलेला होता. वर डॉक्टरांचं छापील नाव, खाली पतीच्या जागी शाईनं लिहिलेलं तेच नाव. कोपऱ्यात मामांच्या बारीक अक्षरात जावक क्रमांक होता, आणि शेजारी लिहिलं होतं, 'पोहोचली.'

मामी अजून आहेत, आणि मी लिहिलेलं सगळं एका डोळ्यानं वाचतात. म्हणून इथे नाव लिहिलं नाही. त्या दिवशी त्यांनी कागद डोळ्याजवळ धरून बराच वेळ पाहिला. मग छापील नाव ओलांडून त्यांचं बोट खाली आलं, शाईच्या अक्षरांवर टेकलं, आणि त्या मला म्हणाल्या, "हे आमचे."