गहिनीनाथने निवडलेली रॅकेट

गहिनीनाथला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या क्रीडा संस्थेच्या वसतिगृहाच्या फाटकात, चपला हातात घेऊन उभा असलेला. आत फरशी नुकतीच पुसलेली दिसली म्हणून त्याने त्या काढल्या होत्या. मी या वसतिगृहाची अधीक्षक. पालक पुष्कळ येतात, पण फरशीकडे बघणारा हा एकच.

माणूस पाथर्डीकडचा. दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचं, हे त्याचं आयुष्य. टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्याची बायको भीमाबाई कंबरेने अधू झाली होती, तिला वाकता येत नव्हतं. मुकादमाने सांगून टाकलं होतं, यंदा कोयता पुरा पाहिजे, घरात पोरगी मोठी झालीय. ती पोरगी म्हणजे आरती, नववीतली. नगरला आमच्याकडे टेनिसच्या नव्या तुकडीत तिला तात्पुरतं घेतलं होतं. दिवाळीच्या तोंडावर चाचणी. टिकली तर दहावीपर्यंत राहणं, जेवण, शाळा. नाही टिकली तर उसाच्या फडात. गहिनीनाथला टेनिस माहीत नव्हतं, पण एवढं पक्कं माहीत होतं.

"मॅडम, तिला माघारी लावू नका," तो म्हणाला. "म्या एकला दोघांचं काम वढतो. पन तिला न्हाई न्यायची."

नियम असा, की रॅकेट मुलीने स्वतःची आणायची. हा नियम ज्याने केला त्याला मी मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या आहेत.

रॅकेट घ्यायला गहिनीनाथ, आरती आणि मी असे तिघे गेलो. दुकानदार भला होता. त्याने एक हलकी, मोठ्या तोंडाची रॅकेट काढली. नवीन शिकणाऱ्याला हीच घ्यायची, म्हणाला, बॉल कुठेही लागला तरी पलीकडे जातो. गहिनीनाथने ती दोन बोटांत उचलली आणि त्याचा चेहराच पडला.

"ही तर डास मारायची हाय."

मग त्याची नजर वर टांगलेल्या एका काळ्या रॅकेटवर गेली. ती मुरलेल्या खेळाडूंची आहे, मुलीला जड जाईल, असं दुकानदार सांगत राहिला. गहिनीनाथला वाटलं, गरीब बघून हा आपल्याला खेळणं देतोय. त्याने काळी रॅकेट काढायला लावली, मुठीत घट्ट धरली आणि उसाच्या बुडख्यावर घालावा तसा खालच्या अंगाला वार केला.

"कोयता जड असला की त्यो आपल्या वजनानं तोडतो. हाताला काय करावं लागत न्हाई. हलक्यानंच हात मरतो," तो मला समजावून म्हणाला. सगळा जन्म त्या हाताने ऊस तोडलेला. मला टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही, मी काय बोलणार? त्याने रॅकेट आरतीला दिली.

"बरी हाय, नाना," ती म्हणाली.

गावी निघण्याआधी त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून मुठीवर गुंडाळली. कोयत्याला गुंडाळतात तशी, हात घसरू नये म्हणून. मूठ आणखी जाड झाली. आरतीची बोटं त्यावर पुरती मिटत नव्हती.

प्रशिक्षक तिला रोज म्हणायचे, दुसरी हलकी घे, मी देतो. ती म्हणायची, नको सर, हीच चांगली आहे. बापाने निवडलेली वस्तू वाईट ठरू द्यायची नाही, असा त्या पोरीचा हट्ट. एके दिवशी जेवताना ती डाव्या हाताने भात खाताना दिसली. उजवा ओढणीखाली. ओढणी बाजूला केली तर कोपर सुजून टम्म झालेलं. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला आणि महिनाभर खेळ बंद केला. चाचणी त्याच आठवड्यात होती.

मी संस्थेतल्या सगळ्यांच्या विनवण्या केल्या. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. पुढच्या वर्षी ती कुठे असेल हे त्यांना सांगून मी थकले. मला त्यांचा आजही राग येतो.

गहिनीनाथ आला तेव्हा प्रशिक्षकांनी त्याला समजावलं. प्रशिक्षक मनाने चांगले, पण त्या दिवशी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. नव्या हाताला हलकंच द्यायचं असतं, ते म्हणाले, जडाचा हिसका कोपरात बसतो. गहिनीनाथ मान हलवत ऐकत राहिला.

"म्हंजी म्याच मोडला तिचा हात," तो म्हणाला.

दिवाळीनंतर तो तिला न्यायला आला. कोपराची सूज उतरली होती. आरतीने वळकटी बांधली, मैत्रिणींचा निरोप घेतला. गहिनीनाथने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा कोयता काढला आणि तिच्यासमोर धरला. पातं अरुंद, मूठ बारीक.

"लोहाराकडून मुद्दाम हलका करून घेतलाय," तो हळू आवाजात म्हणाला. "त्यो म्हनला, यानं ऊस एका घावात तुटत न्हाई. म्हनलं, न तुटंना का. नव्या हाताला हलकंच लागतंय. बघ बरं धरून."

आरतीने कोयता हातात घेतला, एकदा तोलून पाहिला.

"बरा हाय, नाना," ती म्हणाली.